खुर्ची तासगावला, चेक परत

३ मार्च, सोम.
खुर्ची गेली. तासगावचा टेम्पो सव्वानवाला आला. चार माणसं, दोन दोर, एक जुनी वाकळ. मी जिन्यात थांबले नाही, आत कपाटं पुसत बसले. कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रेचं यंत्र, क्युअरिंग लाइट, हत्यारांचे तीन ट्रे, सगळं त्याच खेपेत.
घेणारी डॉ. ऋतुजा मगदूम. सव्वीस वर्षांची. दोन वर्षं सांगलीत दुसऱ्याच्या दवाखान्यात राबली, आता तासगावला स्वतःचा काढतेय. सगळं चालवून बघितलं, नुसतं बघितलं नाही. खुर्चीत स्वतः झोपून वर-खाली केली. बरोबर वडील, धनपाल मगदूम. बेदाण्याचे व्यापारी. पांढरा शर्ट, बोलणं मऊ.
ठरले सव्वादोन लाख. पंचवीस हजार पोरीने आधीच फोनवरून पाठवले होते. दोन लाखांचा चेक वडिलांनी दिला. टेबल असून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहिला. "बाई, मोठा व्यवहार आमी चेकनंच करतो. लेखी राहतं."
छत्तीस वर्षांची दातांची प्रॅक्टिस, सामान एका टेम्पोत मावलं. जागा मोकळी झाल्यावर फरशीवर खुर्चीच्या पायाचा गोल दिसला. आतली फरशी अजून नव्यासारखी.

५ मार्च, बुध.
चेक भरला.
मंगलला सांगून टाकलं: लाख तुझे. अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारी उभी राहून सक्शन धरलं. पेशंट घाबरला की माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघायचा. ती शेवयांचं मशीन घेणार आहे, गावी कोरेगावकडे. चैत्र-वैशाख हाच हंगाम, म्हणून घाई. "बाई, येवढं कशाला वो," म्हणाली, आणि लगेच मशीन किती फुटाचं ते हाताने दाखवायला लागली.
उजवा अंगठा आज बरा. काम बंद केल्यावर बरा होतोय, हे त्याचं शहाणपण.

७ मार्च, शुक्र.
बँकेतून फोन. चेक परत. जाऊन मेमो आणला. 'पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर.' म्हणजे चेक देणाऱ्यानेच थांबवलाय.
घरी वि.नी चष्मा लावून दोनदा वाचला. हे चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात, कागद दोनदाच वाचतात. म्हणाले, "पैसे नाहीत असं नाही लिहिलेलं. द्यायचे नाहीत असं लिहिलंय."
ऋतुजाला फोन. मागे ड्रिलचा आवाज, प्लंबर नळ बसवत होता. सगळं सांगितलं. ती आधी प्लंबरला म्हणाली, "दादा, दोन मिनिटं थांबा." मग मला: "मॅडम, मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं."
विश्वास ठेवला. ठेवायला हवा होता की नाही, माहीत नाही.

११ मार्च, मंगळ.
धनपालरावांचाच फोन. एवढी अपेक्षा नव्हती. आडपडदा न ठेवता बोलले.
बेळगावचं स्थळ आलंय. मुलगा दातांचाच डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल, चार खुर्च्या. चेक लिहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते लोक पोरगी बघून गेले. पसंत. पोरगी नको म्हणते. म्हणते, आधी माझा दवाखाना.
"बाई, तुमीच सांगा. तिथं तयार दवाखाना हाय. मग हितं जुनी खुर्ची मांडून बसायचं कशाला? म्हणून चेक थांबवला. तुमचं पैसं बुडवायचं न्हाईत मला. तुमची खुर्ची तुमी परत न्या. टेम्पोचं भाडं माझं. पंचवीस हजार दिलेत ते पण ठेवा."
मी म्हटलं, "मी विकलीय. परत आणून ठेवू कुठे? जागा महिनाअखेर सोडतेय."
"आसंल कोन तरी दुसरा घेणारा."
रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

१२ मार्च
ऋतुजाचा मेसेज. भला मोठा. सार: खुर्ची नेऊ नका, वडिलांवर केस करू नका, मी देते, महिन्याला दहा हजार.
वीस महिने. मंगलचे वैशाख दोन जातील.
उत्तर दिलं नाही.

१५ मार्च, शनि.
जगताप वकिलांकडे. जुने पेशंट, वरच्या डाव्या दाढेवर माझी कॅप आहे, सारखी जीभ तिथे जाते त्यांची. त्यांनी बोटांवर सांगितलं. मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस. नोटीस त्यांना मिळाली की पंधरा दिवस वाट. पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्याच्या आत तक्रार, साताऱ्याच्या कोर्टात, कारण चेक इथल्या बँकेत भरला. महिना उलटला की हात बांधले.
विचारलं, "पण खात्यात पैसे आहेत त्यांच्या."
"असू देत. चेक परत आला म्हणजे आला."
"खुर्ची तर मुलीने घेतली."
"चेक कुणी दिला?"
"वडिलांनी."
"मग केस वडिलांवर." जीभ दाढेवर. "मॅडम, मुलीला मध्ये आणू नका. तुमची माया बसलेली दिसते."
माया नाही. दोनदा भेटलेली पोर. मात्र हत्यारं बघताना दात उचकटायच्या एलेव्हेटरची टोकं नखावर घासून बघत होती. असं हल्ली कुणी करत नाही.

१९ मार्च
मंगल आली होती. मशीनवाल्याने विसार मागितलाय. चेकचं सगळं सांगितलं. "मग ऱ्हाऊ द्या की, बाई. पुढच्या साली." एवढ्या चटकन म्हणाली की कळलं, रात्रभर मशीन कुठे ठेवायचं याचाच हिशेब करून आलीय.
एफडी मोडून पन्नास हजार दिले.  त्या पैशातून वि.च्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दिवाळीनंतर करू म्हणाले.

२४ मार्च, सोम.
नोटीस गेली, रजिस्टर पोस्टाने. जगतापांनी वाचून दाखवली. 'माझ्या अशिलाची घोर फसवणूक'. म्हटलं, घोर काढा. म्हणाले, छापील असतं, राहू द्या.

२६ मार्च
नोटीस पोचली. बोटांवर मोजायला सुरुवात.

३० मार्च, रवि. पाडवा
गुढी उभारली. दुपारी दवाखान्याची किल्ली मालकाला दिली. बोर्ड काढताना खिळे गंजलेले, भिंतीचं प्लास्टर घेऊन निघाले. मालक म्हणाले, असू दे.
संध्याकाळी वि. आणि मी गुढी उतरवली, गाठीची साखर तिथेच उभ्याने खाल्ली. वाईट नव्हतं ते.

१ एप्रिल
ऋतुजाकडून दहा हजार खात्यात. जगतापांना कळवलं. "परत पाठवा. रकमेचा घोळ होतो." परत पाठवले. अर्ध्या तासात पुन्हा आले. पुन्हा परत. पुन्हा आले. तिसऱ्यांदा ठेवून घेतले आणि वहीत पोच लिहिली. जगतापांना उद्या सांगेन.

५ एप्रिल, शनि.
तासगावला जाऊन आले. कुणाला न कळवता. एसटीने कराड, तिथून विट्यामार्गे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेड, हिरव्या जाळ्या, त्यांच्या आत बायका वाकलेल्या. मनात असं की सामान स्वतः बघावं, मग ठरवावं.
स्टँडजवळ गाळा. लहान. भिंतीचा रंग अजून ओला वास मारतो. बाहेर बाकावर तीन पेशंट. आत माझी खुर्ची. माझी म्हणायचं की नाही, कोर्ट ठरवेल. तिने सीटचं रेक्झिन बदललंय, हिरवं केलंय. बरं दिसतं.
खुर्चीत शेडवर काम करणारे एक म्हातारे. खालची दाढ काढताना मूळ आत तुटलेलं. ऋतुजा घामाघूम. मला बघून उठायला लागली. म्हटलं, बस. हात धुतले, पण अंगठ्यात जोर नाही हे मला ठाऊक. शेजारी उभी राहिले. ती पटकन ओढायला बघत होती.
"ओढू नकोस. आधी दिसू दे."
रक्त पुसलं. दिसलं.
"आता बाजूने जागा कर. घाई नाही. आजोबांना घाई आहे का?"
आजोबांनी तोंड उघडं ठेवून मान हलवली, नाही.
बावीस मिनिटं लागली. मूळ अख्खं आलं. तिने ते आजोबांना दाखवलं, ते म्हणाले, "येवढंच? मला वाटलं खुरपं राह्यलंय आत."
पेशंट गेल्यावर चहा आला. पैशांचं दोघींनीही काढलं नाही. निघताना तीच म्हणाली, "बाबांशी बोलणं बंद आहे माझं. घरातच असतो दोघं. जेवायला शेजारी बसतो."
"आणि बेळगाव?"
"त्या मुलाला मी फोन करून नाही म्हटलं. तो चांगला होता. म्हणाला, बरं झालं सांगितलंत."
कॉम्प्रेसर चालू करून ऐकला. आवाज ठीक.
पेढीवर जाऊन धनपालरावांना भेटावं असं वाटलं होतं. गेले नाही. परतीची गाडी चारची होती, हे निमित्त.

११ एप्रिल, शुक्र.
पंधरा दिवस काल संपले. पैसे नाहीत. त्यांच्या वकिलाचं उत्तर मात्र आलंय. दोन पानी.
'सदर सामान सदोष निघाले. कॉम्प्रेसर नादुरुस्त. खुर्चीचे हायड्रॉलिक गळके. विक्रेतीने दोष लपवून ठेवले, सबब पेमेंट थांबवणे भाग पडले.'
चार वेळा वाचलं. दोष लपवून ठेवले.

१२ एप्रिल
झोप नीट नाही. सकाळी सातलाच फोन लावला.
"मगदूमसाहेब, कॉम्प्रेसर नादुरुस्त आहे?"
"बाई... ते वकिलानं लिवलंय."
"कुणाच्या सांगण्यावरून?"
"तसं लिवावं लागतं म्हणाला. नुसतं पोरीचं लगीन म्हणून थांबवला असं लिवता येत न्हाई."
"मी छत्तीस वर्षांत एकाही पेशंटला खोटं सांगितलं नाही. दात वाचणार नसेल तर वाचणार नाही म्हणून सांगितलं."
 मग: "तुमच्याबद्दल माझ्या मनात तसं काय न्हाई, बाई."
"मनातलं नाही, कागदावरचं विचारतेय."
फोन ठेवला.  वि.नी चहा दिला, बशीत ओतून. तसा कधी देत नाहीत.

१४ एप्रिल
जगताप: "हे उत्तर आपल्याला फायद्याचंच. सामान सदोष म्हणतात, पण परत करायचं एकही पत्र नाही. आणि पोरगी रोज त्यावर पेशंट बघतेय." खूश होते. मला खूश व्हायला जमलं नाही. ऋतुजाला साक्षीला बोलावणार का, विचारलं. "लागलं तर."
म्हणजे तिला कोर्टात उभं राहून सांगावं लागणार की कॉम्प्रेसर चांगला आहे. बाप समोर.

२२ एप्रिल, मंगळ.
दुपारी दारात एक बाई. नऊवारी नाही, साधी पाचवारी, हातात कापडी पिशवी. "मी ऋतुजाची आई. सुनंदा." एकटी एसटीने आलेली. पिशवीत बेदाणे, दोन किलो तरी. नको म्हटलं तरी ओट्यावर ठेवलेच.
"मी आलोय हे त्यांना ठाऊक न्हाई. पाहुण्याकडं जातो म्हणून निघालो." तिकडच्या बायका 'आलो, गेलो' म्हणतात. कानाला बरं वाटतं.
मला वाटलं, केस करू नका म्हणायला आलीय. तसं नव्हतं.
"तुमी केस करा," म्हणाली.
ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. तिने पुन्हा सांगितलं. "माणूस वाईट न्हाई वो. पण घरात त्यांचा शब्द खाली पडला न्हाई कवाच. आमी पडूच दिला न्हाई. आता पोरगी न्हाई म्हणाली तर त्यांना कळंना झालंय काय करायचं. कोर्टाची तारीख लागली की पैसं देतील. बाजारात नाव हाय, तारखेला उभं ऱ्हायचं न्हाईत ते. पैसं दिलं की खुर्ची पोरीची झाली. मग बोलायला काय उरत न्हाई."
"आणि ऋतुजा? ती केस करू नका म्हणते."
"ती लेक हाय. ती तसंच म्हणणार."
"तुम्हीच का नाही बोलत त्यांच्याशी?"
तिने माझ्याकडे बघितलं. वाईट वाटून नाही. मी कोणत्या घरात राहते ते बघत असावी. वि. तेवढ्यात पाण्याचे ग्लास घेऊन आत आले.
चहा घेतला नाही. जैन घर, दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवायचं, म्हणून लगेच निघाली. बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. गाडीत चढताना म्हणाली, "मी आलतो ते कुणाला सांगू नका. पोरीलाबी न्हाई."

२३ एप्रिल
वि.ना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? "मी? मी वरिष्ठांकडे पाठवलं असतं." दोघंही हसलो. मग म्हणाले, "पैसे सोडायचे असतील तर सोड. पण त्या उत्तराचं काय करणार?"
तेच.

३० एप्रिल
मंगलचं मशीन आलं. पन्नास भरले, बाकीचे हप्त्याने. फोटो पाठवलाय: मशीन, शेजारी ती, पदर खोचलेला, शेवया दोरीवर. आवाजी निरोप: "बाई, लय चाललंय. रांग लागली दारात." उरलेल्या पन्नासाबद्दल एक अक्षर नाही.
तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१ मे
दहा हजार. या वेळी परत पाठवले नाहीत. एकूण वीस. वहीत पोच.
सोबत मेसेज: 'मॅडम, एप्रिलमध्ये ७१ पेशंट.' आकडा वाचून आधी आनंदच झाला, मग लक्षात आलं की जगताप हा मेसेजसुद्धा कोर्टात लावतील.

६ मे, मंगळ.
जगतापांचा फोन. शनिवार सुट्टी, म्हणजे शुक्रवार शेवटचा दिवस. तक्रार तयार आहे, सही करा.
धनपालरावांना एकदा शेवटचं विचारावं म्हणून फोन लावला. उचलला. "खुर्ची नेताय का, बाई?" म्हटलं, नाही. "मग मी काय करू?" खरंच विचारत होते.  उत्तरातला तो मजकूर मागे घ्या, एवढंच म्हटलं. "वकिलाला विचारतो," म्हणाले.
दिवसभर वाट बघितली. आला नाही फोन.

७ मे
नाही.

८ मे, गुरु.
साडेतीनला जगतापांबरोबर कोर्टात. आठ पानं, प्रत्येक पानावर सही. अंगठा दुखायला लागला, शेवटच्या दोन सह्या वाकड्या आल्या. बँकेला दिल्या असत्या तर त्यांनीही परत पाठवल्या असत्या. जगताप म्हणाले, "उद्या साडेदहाला लावतो. त्याआधी तुमचा फोन आला तर थांबतो. लावल्यावर थांबवायचं म्हणजे तडजोड, तारखा, सगळं आलं."
जिना उतरत होते तेवढ्यात ऋतुजाचा फोन. श्वास लागलेला.
"मॅडम, दहावीतली मुलगी, सायकलवरून पडली. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर. घरच्यांनी दुधातून आणलाय."
"किती वेळ झाला?"
"पस्तीस मिनिटं."
"मग वेळ आहे. दात चावायच्या बाजूने धर. मुळाला बोट लावू नकोस, खरवडू नकोस. सलाइनने नुसता धू."
"हो."
"जागा पण धू. आता हळू आत ढकल. सरळ आहे ना? शेजारच्याशी मिळवून बघ."
मधे नुसता श्वास. जिन्यात वकील, पोलीस, लोक, सगळे मला चुकवून वर-खाली. मी कठड्याला टेकून उभी.
"गेला, मॅडम. बसला."
"आता पातळ तार, कॉम्पोझिट, दोन्ही बाजूचे दोन दोन दात धरून. लाइट चालतोय ना नीट?"
"छान चालतोय."
"दोन आठवडे ठेव. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचार. मुलीच्या आईला सांग, धरेल असं आज कुणी सांगू शकत नाही."
"हो." मग थोडं थांबून: "मॅडम, आवाज घुमतोय तुमचा. कुठे आहात?"
"बाहेर आहे."
"आणखी काही करायचं राहिलंय का?"
"नाही. पेशंटकडे बघ."
घरी आले. वि. म्हणाले, "सही केलीस?" "केली." 
सातला फोटो आला. तार बसवलेली, सुबक. डावीकडे जरा उंच. लिहिलं: 'डावीकडे तार अर्धा मिमी खाली हवी. चावून बघायला सांग.' तिने हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.
जगतापांचा नंबर फोनमध्ये तिच्या खालीच आहे. साडेदहापर्यंत वेळ आहे.